पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी ओढत का नाही?

जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या पिकअपबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून २०२१ सालची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. ५८ हजार किलोमीटर चाललेली आहे, बॅटरी ३० युनिटच्या आसपास. घेतली तेव्हा सुसाट पळायची. एप्रिल लागल्यापासून हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना पेडल तळाला टेकवलं तरी गाडी जोर धरत नाही, चार्ज ६० टक्के असला तरी. सकाळी त्यातल्या त्यात बरी चालते. लाल दिवा लागत नाही, कधीकधी एक पिवळं चिन्ह येऊन जातं. एक गॅरेजवाला म्हणतो मोटर उतरली, दुसरा म्हणतो बॅटरी गेली. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मोटर बदलण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवा. डिझेल गाडीचा पिकअप हळूहळू उतरतो, कारण तिथे झिजणारं पुष्कळ असतं : इंजेक्टर, टर्बो, रिंगा, क्लच प्लेट. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. एकाच ठरावीक रेशोचा गिअरबॉक्स आणि पुढे चाकं, इतकाच मामला. अति तापून मोटरमधली चुंबकं अशक्त होऊ शकतात, पण ते क्वचित घडतं. घडलंच तर ती सकाळीसुद्धा अशक्तच राहतात. तुमची गाडी सकाळी बरी चालते, म्हणजे तिला कुणीतरी रोखून धरतंय.

कोण रोखतं ते समजून घ्या. पेडल दाबलं की मुख्य कंट्रोलरकडे फक्त मागणी जाते. त्याच क्षणी बॅटरीची देखरेख करणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, सांगतं की आत्ता इतके किलोवॅटच देता येतील. इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा पेटारा) आणि मोटरही आपापल्या तापमानाप्रमाणे मर्यादा कळवतात. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तोच चाकांपर्यंत पोचतो. तुम्हाला शोधायचा आहे तो हा लहान आकडा देणारा. तो सापडेपर्यंत एकही पार्ट बदलू नका.

आधी बिनखर्चाची पाहणी करा. ड्राइव्ह मोड इकोवर तर राहिलेला नाही ना? काही गाड्या बंद-चालू केल्या की मोड आपोआप बदलतो. पेडलखाली जाड मॅट आहे का? मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकली की पेडल तळाला टेकल्यासारखं वाटतं, पण कंट्रोलरला ७०-७५ टक्केच मागणी पोचते. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये मोजा. मग ब्रेक. इलेक्ट्रिक गाडीत बराच वेग मोटरच कमी करते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. दहा किलोमीटर ब्रेक फारसा न दाबता गाडी चालवा, थांबा आणि चारही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. एकाच ॲक्सलवरची दोन्ही चाकं साधारण सारखी दिसली पाहिजेत. एखादं तीस-चाळीस अंशांनी जास्त तापलेलं असेल, तर तिथला कॅलिपर खोलून साफ करा. हात लावून पाहू नका, पोळतं. पिवळं चिन्ह आलं की शेजारच्याला फोटो काढायला सांगा. ते कासवाचं असेल, तर गाडीने स्वतःहून जोर कमी केल्याचं ती तुम्हाला सरळ सांगते आहे.

यातून काही निघालं नाही, तर ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कंट्रोलरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र, लागेल. तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फोनशी ब्लूटूथने जोडला जातो. अ‍ॅप तुमच्या गाडीच्या बॅटरीचे तपशील वाचणारं हवं, साध्या पेट्रोल गाडीच्या अ‍ॅपवर सेलचे आकडे येत नाहीत. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी उतरते. एवढे आकडे एका पडद्यावर घ्या : पेडलची टक्केवारी, एकूण व्होल्टेज, करंट, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सेल व्होल्टेज, बॅटरीचं कमाल तापमान, इन्व्हर्टर आणि मोटरचं तापमान. ‘उपलब्ध डिस्चार्ज पॉवर’ दिसत असेल तर ती हवीच.

चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर घ्या. आकडे शेजारी बसलेल्याने पाहायचे, चालकाने नाही. एसी बंद ठेवून २० च्या वेगापासून पेडल पूर्ण दाबत ८० पर्यंत जा. हे तीनदा करा : सकाळी लवकर ८० टक्के चार्जवर, सकाळीच ३० टक्क्यांवर, आणि भर दुपारी ६० टक्क्यांवर. प्रत्येक वेळी सेकंद मोजा. ‘जोर कमी वाटतो’ यावर कुणी भांडू शकतं, सेकंदांवर नाही.

आता आकडे वाचायचे. पेडल तळाला असताना टक्केवारी १०० च्या जवळ जात नसेल, तर दोष पेडलचा किंवा मॅटचा. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो. दोघांचं गणित जुळेनासं झालं की कंट्रोलर सावध होऊन जोर कापतो. गाडी उभी ठेवून, गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये ठेवून पेडल अगदी सावकाश दाबा. आकडा न अडखळता शून्यापासून वर गेला पाहिजे.

सकाळी १०० टक्के पेडलवर सेकंद ठीक आणि दुपारी वाईट, तर मामला उष्णतेचा आहे. तुमच्या पत्रावरून आमचा कल इकडेच आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, डांबर त्याहून तापतं, आणि बॅटरीचा पेटारा त्याच डांबरावरून वीतभर उंचीवर फिरतो. बॅटरीचं तापमान साधारण ४५ ते ५५ अंशांच्या पट्ट्यात गेलं की बहुतेक बीएमएस जोर कमी करू लागतात. नेमकी रेषा गाडीगणिक वेगळी असते. भर दुपारी फास्ट चार्जरवर बॅटरी भरून लगेच हायवेला लागलात तर हे तापमान गाठायला वेळ लागत नाही, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही. पण साध्या घरगुती चार्जिंगनंतरही तसंच होत असेल, तर थंड करणारी यंत्रणा कमी पडतेय.

इथे खानदेशातली एक गोष्ट आवर्जून पाहा. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून उडणारा कापूस आणि जिनिंगच्या आसपासची तुसं रेडिएटर नि एसीच्या कंडेन्सरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. पुढून जाळी स्वच्छ दिसते, आत नमदा जमलेला असतो. बंपर सैल करून टॉर्च मारल्याशिवाय तो दिसत नाही. साफ करताना हवेचा किंवा पाण्याचा झोत मोटरच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाने सोडा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पत्र्या मुडपतात आणि होती ती वाटही बंद होते.

मग कूलंट. टाकीतली पातळी थंड गाडीत दोन खुणांच्या मध्ये हवी. गाडी चालू स्थितीत आणून पंपाचा बारीक घुमारा ऐका. बऱ्याच गाड्यांत टाकीत परत येणारी धारही दिसते. इन्व्हर्टर तापलेला आणि रेडिएटरचे होज गार, असं असेल तर पाणी फिरत नाहीये. पंप बंद, त्याचा कनेक्टर सैल, किंवा आधी कुणी कूलंट भरताना हवा अडकलेली. हवा काढायला पंप स्कॅनरने ठरावीक वेळ चालवावा लागतो, नुसतं टोपण उघडून भागत नाही. कमी पडलेला कूलंट बोअरच्या पाण्याने भरू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, क्षार इन्व्हर्टरच्या बारीक वाटांत थर धरतात. कंपनीने सांगितलेला कूलंट, त्याच प्रतीचा, हाच एक नियम. काही गाड्यांत बॅटरीचं कूलंट एसीच्या गॅसवर गार होतं. तुमचा एसीही यंदा कमी गार वाटत असेल, तर दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, गॅस कमी, असू शकतं.

तापमान सगळी ठीक आणि तरी जोर नाही, असं निघालं तर सेलकडे वळा. गणित सोपं आहे. निरोगी सेलचा अंतर्गत रोध एक मिलिओहम धरा. २०० ॲम्पिअर खेचले की त्याचा व्होल्टेज ०.२ ने पडतो. एखाद्याचा रोध तीन मिलिओहम झाला, तर तो ०.६ ने पडतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाच्या) बॅटरीत ३.३ व्होल्टला असलेल्या बाकीच्या सेल ३.१ वर येतात आणि तो एकटा २.७ वर. बीएमएस सरासरी पाहत नाही, सर्वांत कमजोर सेल पाहतं. शंभर सेलपैकी एक अशी निघाली तरी अख्ख्या गाडीचा करंट कापला जातो. म्हणून दुसऱ्या गॅरेजवाल्याचं ‘बॅटरी गेली’ हे अर्धवट आहे. एखादी सेल गेली असेल, किंवा तीही नाही.

तीही नाही असं का, ते सांगतो. पूर्ण पेडलवर एका सेलचा आकडा इतरांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त खाली जात असेल, तर पेडल सोडल्यावर काय होतं ते पाहा. लगेच, त्याच सेकंदाला, तो इतरांच्या बरोबरीला आला तर सेलपेक्षा जोडाचा संशय जास्त : बसबारचा, म्हणजे सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा, बोल्ट सैल, किंवा संपर्काच्या जागी काळपट थर. तो मिनिटभर रेंगाळत वर आला तर सेल थकलेली. आणि चार्ज कमी असतानाच मागे पडते, ८० टक्क्यांना ठीक असते, तर तिची साठवण घटलेली. रिजनरेशनच्या वेळी, म्हणजे वेग कमी करताना मोटर बॅटरीत वीज परत भरते तेव्हा, तीच सेल इतरांहून वर उडी मारते का, हेही पाहा. रोध वाढलेली सेल दोन्हीकडे टोक गाठते. हे फरक कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. जोड साफ करून योग्य टॉर्कने आवळणं आणि अख्खं मॉड्यूल बदलणं यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

उभ्या गाडीत सेलमधला फरक पाहून निष्कर्ष काढू नका, विशेषतः एलएफपीत. या रसायनाचा व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतो. निम्मी साठवण घटलेली सेलही मधल्या पट्ट्यात इतरांसारखीच दिसते. त्याच कारणाने चार्जची टक्केवारीही चुकत जाते. कायम ३० ते ७० मध्येच वापरलेली एलएफपी गाडी ‘४० टक्के’ दाखवत असताना खरी १५ वर असू शकते, आणि १५ वर जोर कापला जाणं हे बरोबरच आहे. उपाय फुकट आहे : घरच्या संथ चार्जरवर एकदा १०० टक्के भरा आणि चार्जिंग स्वतःहून थांबेपर्यंत प्लग काढू नका. शेवटचा टक्का तासभर घेईल, तेव्हाच सेल समतोल होत असतात. लागोपाठ दोन-तीनदा असं केल्यावर मगच वरची चाचणी पुन्हा घ्या.

नारिंगी आवरणाच्या केबलींना आणि त्या जिथे शिरतात त्या पेटाऱ्यांना हात लावू नका. आत ३००-४०० व्होल्टचा डीसी असतो. गाडी बंद करून सर्व्हिस प्लग (मोठ्या व्होल्टेजची जोडणी तोडणारा प्लग) काढला तरी कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं जातात, आणि प्लग काढला तरी बॅटरीच्या पोटातला व्होल्टेज जात नाही. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे आणि त्याचं प्रशिक्षण असलेल्यानेच पेटारा उघडावा. ओळखीचा वायरमन कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही.

प्रश्न : आधी टॅक्सी म्हणून चाललेली इलेक्ट्रिक सेडान घेतली, खाजगी पासिंगही करून घेतलं. उचल चांगली आहे, पण ८० च्या पुढे जातच नाही. बॅटरी कमजोर असेल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना ताशी ८० चा वेगनियंत्रक बंधनकारक असतो, तो तुमच्या गाडीत तसाच राहिला आहे. कमजोर बॅटरी अशी एका आकड्यावर भिंतीसारखी थांबवत नाही, ती उताराला पुढे जाऊ देते आणि चढाला आधीच दम सोडते. पासिंग बदललेलं आरसी बुक घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये आहे की वेगळं यंत्र बसवलंय ते तिथे कळेल. बाहेर वायर तोडून घेऊ नका. टॅक्सीत चाललेली बॅटरी बहुधा रोज फास्ट चार्जवर भरलेली असते, तेव्हा वर सांगितलेली सेलची चाचणी एकदा घेऊन ठेवा.

प्रश्न : गावात आणि जळगाव रस्त्याला गाडी उत्तम. चार माणसं, सामान घेऊन कन्नड घाट चढताना मात्र अर्ध्यावरच वेग ३० वर येतो. वर पोचून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट. चढावर एवढं होणारच, असं सगळे म्हणतात.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : होणार नाही, व्हायला नको. गाडी, माणसं, सामान मिळून १८०० किलो आणि चढ ६ टक्के धरा. ५० च्या वेगाने चढायला केवळ चढासाठी सुमारे १५ किलोवॅट लागतात. टायरची आणि हवेची ओढ धरून १८-१९. सपाटीवर त्याच वेगाला ४ किलोवॅट पुरतात, म्हणूनच गावात काही जाणवत नाही. गाडीची कमाल ताकद ७०-९० किलोवॅटची असताना ती २० सुद्धा देत नाहीये, म्हणजे तीन चतुर्थांश ताकद कापली गेली आहे.

दहा मिनिटांत बरं वाटतं ही खूण महत्त्वाची. अडीच-तीनशे किलोची बॅटरी दहा मिनिटांत गार होत नाही, तिला तास लागतात. इतक्या लवकर गार होतो तो इन्व्हर्टर, किंवा मोटरची वाइंडिंग. घाटात वेग कमी, समोरून वारा कमी आणि करंट सलग दहा-पंधरा मिनिटं चढा. अशा वेळी सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर आणि पंपावर असते. पंखा फिरतो का, दोन वेगांचा असेल तर दुसरा वेग लागतो का, हे आधी पाहा. पहिला वेग चालू आणि दुसऱ्याचा रिले जळालेला, असं असलं की सपाटीवर ते कुणालाच कळत नाही. घाट चढताना शेजारच्याकडून इन्व्हर्टरचं तापमान दर मिनिटाला लिहून घ्या. ते चढत जाऊन एका आकड्याला वेग पडला, तर दोष कूलिंगमध्ये. तापमान स्थिर आणि वेग पडला, तर भुसावळच्या उत्तरातली सेलची चाचणी लागू.

प्रश्न : गाडी शेतातल्या शेडमध्ये उभी असते. आठवड्यापासून जोर एकदम निम्मा झाला, आणि फास्ट चार्जिंगही अगदी हळू. काही आपटलं-धोपटलं नाही.
— एक वाचक, शहादा

उत्तर : हळूहळू नव्हे, एका दिवसात झालं, आणि चार्जिंगही त्याच दिवसापासून मंदावलं. उंदरांनी वायर कुरतडल्याचा संशय घ्या. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की बऱ्याच सर्किटांना तिथे उणे ४० अंश दिसतात. बर्फात गोठलेली बॅटरी समजून बीएमएस देणंही रोखतं आणि घेणंही. ओबीडीवर एकच सेन्सर उणे ४० आणि बाकीचे ३८-४० दाखवत असतील, तर उत्तर मिळालं. वायर तुटण्याऐवजी सोलून एकमेकींना टेकल्या असतील, तर आकडा उलट, अशक्य इतका वर दिसेल.

बॉनेटखाली आणि बॅटरीच्या कनेक्टरपाशी लेंड्या, कुरतडलेलं काळं आवरण, चिंध्या शोधा. कूलंटच्या रबरी होजवर दातांच्या खुणा आहेत का तेही पाहा. सेन्सरची वायर जोडताना नुसती पिळून टेप लावली तर पावसाळ्यात दुखणं परत येईल. डाग देऊन, गोंद असलेली उष्णतेने आक्रसणारी नळी वर चढवा. ही वायर बॅटरीच्या पेटाऱ्याच्या आत असेल, तर काम सर्व्हिस सेंटरचं. शेडमधली धान्याची पोती गाडीपासून लांब हलवा.

प्रश्न : जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला पुढच्या आठवड्यात नाशिकला जातोय. अर्ध्या तासात काय तपासू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की गाडी २५-३० टक्के चार्जवर ठेवा. भरलेल्या बॅटरीवर कमजोर सेलही तग धरते. १०० टक्के भरून दाखवायचा आग्रह झाला, तर तोच एक इशारा समजा. त्या चार्जवर, एसी पूर्ण लावून, लागोपाठ चार वेळा २० ते ८० असा जोर लावा. चौथ्या वेळेचे सेकंद पहिल्यापेक्षा दीडपट झाले, तर व्यवहार पुढे ढकला.

ओबीडी सोबत न्या आणि पूर्ण पेडलवर सर्वांत कमी व सर्वांत जास्त सेलमधला फरक टिपा. १२ व्होल्टची बॅटरी मोजा : गाडी बंद ठेवून तासाभराने १२.४ च्या वर, गाडी चालू स्थितीत साडेतेरा ते साडेचौदा. ती मेलेली असली की कंट्रोलर नको नको ते फॉल्ट दाखवतात, आणि त्यापायी मोठा खर्च सांगितला जातो. टायर चारही एका मापाचे आणि कंपनीने दिलेल्या मापाचेच आहेत ना, पाहा.

बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी देतात. पण ती दुसऱ्या मालकाला त्याच अटींवर मिळते का, हे वॉरंटी पुस्तिकेत वाचा. बऱ्याचदा ती साठवण किती घटली यावर ठरते, जोर किती घटला यावर नाही. तेव्हा बयाणा देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा लेखी अहवाल मागा. त्यात सेलमधला फरक आणि जुने फॉल्ट कोड छापलेले हवेत. कोड नुकतेच पुसले असतील, तर ते कोणत्या किलोमीटरला पुसले तेही लिहून घ्या.